जैसे थे होडी

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या किनाऱ्यावर मत्स्यव्यवस्थापन प्रकल्प मंजूर झाला. नवा धक्का, बर्फघर आणि मच्छीमारांच्या जिवाची सुरक्षितता, हे त्याचे हेतू. पण प्रकल्पाचा निसर्गावर आणि माणसांवर काय परिणाम होईल हे आधी तपासायचं होतं. त्यासाठी एक साहेब आणि एक बाई आले. साहेबांकडे निसर्ग होता, बाईंकडे आम्ही.

"परिणाम मोजायचा तर आजची स्थिती पक्की हवी," साहेबांनी समजावलं. "अहवाल पुरा होईपर्यंत किनाऱ्यावर सगळं जैसे थे राहील."

लेक सासरी निघाली तेव्हा आमच्याआधी बाईंचा चेहरा उतरला. गावाची लोकसंख्या बदलत होती. विचार करून त्यांनी लेकीला 'तात्पुरती गैरहजर' ठरवलं.

"मग आम्ही नेऊ की नको?" व्याह्यांनी विचारलं.

"न्या. फक्त इथून वजा करणार नाही."

खरी अडचण आली थोरल्या भावाच्या होडीची. तिच्या तळाची फळी कुजली होती. सुतार करवत घेऊन वाळूत बसला, तोच साहेब धावत आले.

"हे काय चाललंय?"

"फळी बदलतोय," दादा म्हणाला. "पाणी येतंय आत."

"बदलताय?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "उद्या होडी सुरक्षित झाली, तर ती प्रकल्पामुळे झाली हे आम्ही सिद्ध कसं करायचं?"

"बरं. मग समुद्रात नेत नाही. पडू दे इथेच."

"असं कसं? मासेमारीचं प्रमाण घटेल. रोज जायचं, नेहमीसारखं."

दादा माझ्याकडे वळला. "धाकट्या, साहेबांना विचार, बुडायचं कधी ते? तेही नेहमीसारखंच ना?"

साहेब मनापासून हसले. गावकऱ्यांची विनोदबुद्धी त्यांना आवडली.

वहिनीनं बाईंना गाठलं. "बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना. आमचे हे एका हातानं जाळं ओढतात आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसतात हो!"

बाईंचे डोळे भरून आले. "किती सुंदर परंपरा आहे तुमची!"

होडीतलं पाणी उपसणं हे लोप पावत चाललेलं कौशल्य ठरलं. त्याचं संवर्धन व्हावं म्हणून दादाला प्रशिक्षक नेमलं आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. पण शिकणाऱ्यांच्या होड्या गळेनात. तेव्हा बाईंनी सुताराला प्रत्येक होडीच्या तळाला एक भोक पाडायला सांगितलं.

"आता जैसे थे ठेवायचं नाही का?" सुतारानं विचारलं.

"हा बदल नाही. हे संवर्धन आहे."

बाकीच्यांनी साहेबांची पाठ वळताच भोकात चिंध्या कोंबल्या. दादाची फळी चिंधी धरण्याइतकीही धड उरली नव्हती. तो नेहमीसारखा गेला आणि होडीसकट तळाला गेला.

साहेबांनी पाणबुड्या पाठवला. तो वर येऊन म्हणाला की होडीत माशांचे थवे राहायला आलेत. साहेब खूश झाले. "निसर्गावर अनुकूल परिणाम!"

"आणि माझा माणूस?" वहिनीनं विचारलं.

"ताई, प्रकल्प अजून सुरूच झालेला नाही. मग हा त्याचा परिणाम कसा धरणार?"

बाई मात्र हळव्या. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि दादालाही 'तात्पुरता गैरहजर' धरलं. लोकसंख्या जैसे थे राहिली.

पुढे वर्तमानपत्रात प्रकल्पाची सूचना आली. हरकत असेल त्यानं कळवावं. जोडाक्षरं मी रात्रशाळेत नुकतीच शिकलो होतो, तरी अडखळत ती सूचना सगळ्या गावाला वाचून दाखवली. आम्ही हरकती घेतल्या. साहेब म्हणाले, तुम्ही बाधित, म्हणून तुमचं मत एकतर्फी. निःपक्षपाती जनतेचं मत महत्त्वाचं.

म्हणजे तुमचं. ते पान तुमच्याही घरी आलं होतं. चहा पिता पिता तुम्ही ते उलटलंत, त्याच्या मागे बहुधा सोन्याचा भाव होता. तुमच्याकडून एकही हरकत आली नाही, म्हणून अहवालाच्या शेवटी तुमची संमती धरली आहे.

माझा थोरला भाऊ समुद्रात बुडून वारला. लेक पहिल्यांदा माहेरी आली, त्याच दिवशी.