फाटकापर्यंत दिलेला क्रॉस

नगरभवनात खुर्च्या गरम करणाऱ्यांनो, तुम्ही चोर आहात. आन्सेल्म व्हिगुरूचा युद्धक्रॉस, ते शौर्याचं पदक, तुम्ही बँड लावून, अख्ख्या गावादेखत चोरलात.

आन्सेल्मची भिंत पदकांनी भरलेली. पण जीव जडला होता एकावरच: हिरव्या-लाल फितीचा, ब्राँझच्या ताडपानाचा क्रॉस. गावच्या बाप्तिस्तँ म्हाताऱ्याने तो पहिल्या महायुद्धात व्हर्दूनच्या खंदकात कमावला आणि पुढे रविवारच्या जुन्या बाजारात विकला. घेणारा आन्सेल्म.

म्हातारा गेला. शवपेटीपुढे उशीवर पदकं मिरवायची ही रीत. उशी होती, पदक नव्हतं. नगरभवनाने त्याच्या विधवेला, म्हाताऱ्या लेओंतीनला, आन्सेल्मच्या दारी पिटाळलं. आन्सेल्म विरघळला.

"स्मशानाच्या फाटकापर्यंतच हं, काकू."

फाटकाशी तो क्रॉस परत घ्यायला मऊ फडकं घेऊन उभा. उशी त्याच्यासमोरून आत गेली. महापौरांचं भाषण इतकं रंगलं की ते स्वतःच रडले, आणि त्या भरात त्यांनी क्रॉस उचलून थेट खड्ड्यात, पेटीवर सोडला. वर माती टाकली. मग काय, सगळेच टाकू लागले.

आन्सेल्म धावला. "थांबा, तो माझा आहे!"

बँड गप्प झाला. महापौरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझा? कुठल्या लढाईतला रे?"

"बाजारात घेतलेला."

माजी सैनिकांनी तोंडं फिरवली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो, असं बायका कुजबुजल्या. आन्सेल्म कडेला ओणवा झाला, हात घातला, आणि टोपीसकट आत पडला. पट्ट्याला धरून चौघांनी बाहेर काढला. हाती फक्त चिखल. तेव्हापासून पाववालीसुद्धा त्याला नमस्कार करत नाही.

आठवड्याने लेओंतीन त्याच्याकडे आली.

"माझ्या माणसाला तो डोळ्यांसमोर नको होता," ती म्हणाली. "बरोबरची पोरं तिथंच राहिली अन् मला पत्रा मिळाला, म्हणायचा. म्हणून विकला. आता उरावर घेऊन झोपलाय."

दोघं मिळून नगरभवनात गेली. तिथे सांगितलं, एकदा दिलेला सन्मान उकरून काढता येत नाही.

ठीक. ज्याला नको होता त्याच्या उरावर तुम्ही तो ठेवलात. ज्याला हवा होता त्याच्या भिंतीवर नुसता खिळा उरला. मग सन्मान केलात तो कुणाचा? रडून दाखवू नका. उत्तर द्या.