भोईर काकांचे झोपलेले पाहुणे

भोईर काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं : "पोरी, तुझ्या फ्रीजमध्ये सफरचंद हाय का?"

आम्ही अंबरनाथच्या पालेगावातल्या या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मला वाटलं, शेजारी कुणी आजारी असेल. म्हटलं, "दोन आहेत, देऊ का?" तर काका दचकून मागे सरले. "मना नको! तुम्ही खाऊन टाका, मग येतो." आणि आम्ही नवरा-बायको सफरचंदं संपवेपर्यंत दारातच उभे! मग त्यांनी एक कागदी पिशवी आणून आमच्या फ्रीजच्या खालच्या खणात ठेवली. आत कांद्यासारखे तीन कंद. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. पाहुणे झोपलेत."

पाहुणे म्हणजे हायसिंथ. थंड मुलखातलं फूल. कंदाला दोन-अडीच महिने थंडी मिळाली नाही तर ते धड फुलत नाही, आणि अंबरनाथची थंडी म्हणजे कपाटातली शाल बाहेर काढेपर्यंत संपलेली. म्हणून फ्रीज. शेजारी सफरचंद असलं की आतली कळी मरते, म्हणून ती चौकशी. एकाच फ्रीजवर काकांचा भरवसा नाही, तेव्हा त्यांचे पाहुणे आमच्या मजल्यावर घरोघर वाटलेले. उल्हासनगरचा एक सिंधी नर्सरीवाला त्यांना कंद देतो आणि दर वेळी बजावतो, "साईं, ये यहाँ नहीं टिकेगा." काका त्याला हसून चहा पाजतात आणि कंद घेऊन येतात.

कुणी चुकून फोडणीला घालू नये म्हणून प्रत्येक पिशवीवर त्यांनी लाल अक्षरांत 'विषारी' लिहिलंय. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आईने पाणी घ्यायला म्हणून आमचा फ्रीज उघडला. श्रीखंडाचा डबा आणि त्याच्या खाली 'विषारी'! बाईंनी घरात पाण्याचा घोटही घेतला नाही. मी तणतणत काकांकडे गेले, तर ते म्हणाले, "माणसं घाबरट दिसतात. बरं झालं, आधीच कळलं." आणि अहो, पुढे कळलं की माणसं खरंच तशीच होती!

लाइट गेली की काका मासेवालीचा थर्माकोलचा खोका घेऊन हजर. बोंबलांचा वास मारणाऱ्या त्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या, त्यांवर फडकं, त्यावर पाहुणे. लाइट आली की ज्याचे त्याला परत. मी म्हणायचे, "काका, नातवंडांना तरी एवढं जपलंत का?"

पण या सगळ्या खटाटोपामागचं कारण कळलं, त्यानंतर मी त्यांना एकदाही चिडवलं नाही. करोनात काकांच्या बायकोची, जनाकाकींची, वास घेण्याची शक्ती गेली ती गेलीच. या काकी एके काळी माशाची टोपली दुरून हुंगून "सकालचा नाय गो हा" म्हणायच्या आणि कोळणी गप्प व्हायच्या. आता बाजारात काका मासा हुंगतात आणि काकी दुसरीकडे बघत उभ्या राहतात. डॉक्टर म्हणाले होते, रोज वेगवेगळे वास देत राहा, येईलही. काकांनी मोगरा आणला, चाफा आणला, सुकटही नाकाशी धरली. काही नाही. मग नर्सरीत त्यांना हायसिंथचा वास आला. "पोरी, डोकं भणाणलं माझं! ह्यो वास तिच्यापर्यंत पोचणार म्हणजे पोचणार."

गेल्या वर्षी कंदांना थंडी कमी पडली आणि फूल पानांतच अडकून कुजलं. या वर्षी मात्र एका कंदाने जीव धरला. काचेच्या बरणीत, पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल एवढं, आधी कपाटाच्या अंधारात, मग कोंब आल्यावर खिडकीशी. आणि एका संध्याकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. नुसता हात हलवून चल म्हणाले.

जांभळा, भरगच्च तुरा! वास तर असा की दारातच थबकले मी. काकी आमच्यासाठी चहाचं दूध गॅसवर ठेवून बाहेर आल्या. काकांनी बरणी दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली. काकींनी वाकून, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"येतो," त्या म्हणाल्या. "येतो वो! गोड येतो."

काकांचा चेहरा असा उजळला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात मला दुसराच वास आला. स्वयंपाकघरात दूध करपत होतं. नुसतं करपत नव्हतं, धूर खोलीत शिरला होता, फुलाचा वास त्यात बुडून गेला होता. काकी डोळे मिटून फुलावर वाकलेल्याच होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. "गोड," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही वास आला होता. त्यांनी बरणी हळूच टेबलावर ठेवली, मला नजरेनेच गप्प राहा म्हणून सांगितलं आणि आत गेले. गॅस बंद केल्याचा, खिडकी उघडल्याचा, पातेल्यात पाणी सोडल्याचा आवाज आला. ओले हात लुंगीला पुसत ते बाहेर आले आणि काकींच्या शेजारी बसले.

"गोडच असतो याचा वास," ते म्हणाले. "बरोबर वलखलास तू."

काकींनी त्यांचा ओला हात हातात घेतला, आणि सोडला नाही.