वराहशेठच्या दुकानातला भोपळा

वाचनालयाच्या बाईंनी मला चहा पाजला आणि मग म्हणाल्या, मुलांसाठी एक गोष्ट लिहून द्या. आधी सांगितलं असतं तर चहा घेतला नसता. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, मध्येच 'का' विचारायचं नाही, आणि नाकात बोट घालणाऱ्याने मागे बसायचं.

एका जंगलात एक सायाळ राहायची. सायाळ म्हणजे ती, अंगभर लांब काटे असलेली. नवरा वारलेला. बिळात दोन पिल्लं. ज्या माळावर ती कंद उकरायची, तिथे सिंहाने बाग केली आणि पाटी लावली: उकरू नये. सिंहाला बागेतलं काही कळत नव्हतं, पण राजाची बाग असावी, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

आता पिल्लांना घालायचं काय? सायाळीने ठरवलं, बाजारात एखाद्या दुकानात काम धरू. दिवसभर नको, दोन-तीन तास. आणि जवळच. पिल्लं रडली तर ऐकू येईल इतकं जवळ.

मोराने तिला कापडाच्या दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं. कापड फाटेल म्हणाला. ते खरंच होतं. अस्वलाने मध विकल्याचा अनुभव मागितला. अस्वलाला स्वतःला फक्त मध खाण्याचा अनुभव होता, पण तो मालक होता.

राहिलं वराहशेठचं कंदमुळांचं दुकान. वराहशेठ म्हणजे रानडुक्कर, पण डुक्कर म्हटलेलं त्याला खपत नसे. दुकानावर पाटी होती: 'अर्धवेळ मदतनीस पाहिजे. जवळ राहणारा. हसतमुख. कामावर पिल्लं आणू नयेत.'

सायाळीचं बीळ तिथून वीस पावलांवर.

"हसून दाखव," शेठ म्हणाला.

तिने दाखवलं.

"राहू दे," शेठ म्हणाला. "तोंड भिंतीकडे करून बसत जा. रोजचे चार कंद मिळतील."

त्या बाजाराची एक रीत होती. खरेदी झाली की गिऱ्हाइकाने वर काहीतरी फुकट घ्यायचं. यात मुंगूसकाकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पावशेर रताळी घ्यायच्या आणि वर दोन रताळी, एक काकडी आपल्याच हाताने उचलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी हात घातला आणि सायाळ दचकली. दचकली की तिचे काटे उभे राहून खुळखुळायचे. त्याला ती तरी काय करणार? काकूंनी हात मागे घेतला.

"राहू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "काकड्या हल्ली कडूच निघतात."

आठ दिवस कुणी वरचं काही मागितलं नाही. शेठ खूश. त्याने सायाळीला बोलावून सांगितलं, उद्यापासून दिवसभर यायचं.

"शेठ, आपलं दोन-तीन तासांचं बोलणं झालं होतं. पिल्लं लहान आहेत."

"काम चांगलं करतेस म्हणून सांगतोय. वाईट केलं असतंस, तर तेवढ्याच तासांवर ठेवलं असतं."

सायाळ कबूल झाली नाही. शेठने तिला काढून टाकलं.

मग त्याने तिचे गळलेले काटे झाडून गोळा केले, एका मोठ्या भोपळ्यात खोचले आणि भोपळा फळीवर ठेवला. भोपळ्याला दोरी, दोरीचं टोक शेठच्या पायाला. गिऱ्हाइकाने हात पुढे केला की शेठ पाय हलवायचा. भोपळा खुळखुळायचा. कंद मागत नाही, घरी जात नाही, असा नोकर जंगलात दुसरा नाही, असं शेठ येईल त्याला सांगू लागला.

चौथ्या दिवशी दुपारी शेठला डुलकी लागली. मुंगूसकाकू आल्या. हात पुढे केला, खुळखुळ नाही. जवळ जाऊन वास घेतला. मग त्यांनी पावशेर रताळी मोजून घेतली आणि वर भोपळा उचलून नेला. काटे तेवढे फळीवर काढून ठेवले, कारण त्या चोर नव्हत्या.

शेठने नवी पाटी लावली: 'काटेरी भोपळा पाहिजे.'

सायाळीच्या पिल्लांनी दोन दिवस नुसती मुळं चघळली होती. ती पुन्हा गेली. मी येऊ का, म्हणाली.

"मदतनीस नकोच आता," शेठ म्हणाला. "मला भोपळाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सायाळ अंगाला पिवळी माती फासून फळीवर गोल होऊन बसली. दोन्ही बाजूंना पिल्लं, तीही पिवळी, तीही गोल.

शेठ आला. बघितलं. मोठा भोपळा खुळखुळला. बारके दोन जरा उशिरा खुळखुळले.

"वा," शेठ म्हणाला. "दोन बारके वर मिळाले."

भोपळ्याने पिल्लं आणू नयेत, असं पाटीवर कुठेच नव्हतं.

सायाळ आता दिवसभर बसते, पण पिल्लं पोटाशी असतात. शेठला डुलकी लागली की टोपलीतले कंद कमी होतात. चार नव्हे, पोटभर. शेठ मुंगूसकाकूंना शिव्या देतो. भोपळ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे.

तात्पर्य: मन लावून काम केलं की काम वाढतं, भोपळा होऊन बसलं की पोट भरतं. म्हणून काम मागायला जाताना आपण कोण आहोत, ते सांगत बसू नये.

मी सांगितलं, तिथेच चुकलो. मलाही किराणा दुकानात दोन तासांचं काम पाहिजे होतं. मालक भर दुकानात म्हणाला, आजोबा, जरा हसून दाखवा. मी दाखवलं. त्यावर तो स्वतःच हसत सुटला. त्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव लिहून घ्या, पोरांनो: निवृत्ती बापू झगडे.