गेमिंग संगणक खरेदीपूर्व कार्यपद्धती

कोणतीही वस्तू विकत घेणे सोपे असते; ती घेण्याचा निर्णय लांबवणे ही मात्र संस्कृतीची खूण आहे. वस्तू घेऊन मोकळा होतो तो ग्राहक. घेण्याआधी अभ्यास करतो तो सुजाण ग्राहक. आणि जो अभ्यासातच रमतो, त्याला कार्यालयीन भाषेत खरेदी विभाग म्हणतात.

हेडक्लार्क अशाच एका खरेदी विभागात होते. कार्यालयासाठी एक पंखा घेण्याची फाइल त्यांनी इतक्या काळजीने हाताळली होती, की पंखा मंजूर झाला तेव्हा तो बनवणारी कंपनी बंद पडली होती. (तोवर थंडीही सुरू झाली होती, त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही.)

अशा माणसाने ऐन पंचेचाळिशीत पहिला गेमिंग संगणक घ्यायचे ठरवले, ते धाकट्या बहिणीमुळे. लहानपणी शेजाऱ्यांच्या संगणकावर दोघे एकच खेळ मिळून खेळायचे. बाणांची बटणे तिच्याकडे, उडीचे बटण ह्यांच्याकडे. पुढे ती लग्न होऊन दूर गेली आणि भावाबहिणीचे बोलणे तब्येत आणि हवामान या दोन विषयांवर आले. आता तिने असा खेळ शोधला होता, जो आपापल्या घरी बसून दोघांना मिळून खेळता येतो. त्यात एका पडक्या किल्ल्याचे दार होते. दाराच्या दोन टोकांना दोन कड्या, आणि दोघांनी एकाच क्षणी ओढल्या तरच ते उघडणार.

तिने स्वतःचा संगणक एका दुपारी घेतला. दुकानदाराने विचारले, "काय खेळणार?" तिने सांगितले. त्याने दिला. (या पद्धतीत पारदर्शकतेचा संपूर्ण अभाव आहे, असा शेरा हेडक्लार्कांनी मारला.)

"दादा, मी दारापाशी येऊन उभी आहे," रविवारी तिचा फोन आला. "कधी येतोस?"

"उभी राहा. मी दरपत्रकं मागवलीत."

रक्कम बायकोने मंजूर केली. ती शाळेत गणित शिकवत असल्यामुळे आकड्यात फेरफार शक्य नव्हता. "याच्या वर एक दमडी मिळणार नाही," ती म्हणाली. "आणि आवाज करणारं काही आणू नका. बाबांचा टीव्ही आहे तेवढा पुरे."

मग समिती नेमण्यात आली. अध्यक्ष स्वतः हेडक्लार्क. सदस्य मेहुणा, कारण त्याने एकदा प्रिंटर परत केला होता आणि पैसेही वसूल केले होते. आणि तांत्रिक सल्लागार म्हणून कार्यालयातले वॅटसाहेब. जगातली प्रत्येक अडचण कमी वॅटमुळे होते, असे त्यांचे मत होते. (त्यांच्या स्वतःच्या घरी अजून संगणक नाही. अभ्यास चालू आहे.)

समितीने बाजारातून मते मागवली. शंभरांपैकी नव्वद जण म्हणाले, "थोडं थांबा, नवीन येतंय." उरलेले दहा दुकानदार निघाले, त्यामुळे त्यांची मते बाद करण्यात आली. समिती थांबली. नवीन आले. त्याचा अभ्यास होईपर्यंत ते जुने झाले.

"दादा, खेळातली माझी बाई आता खाली बसली," बहीण सांगायची. "फार वेळ उभी राहिली की ती आपली आपण बसते. जांभया पण देते."

"देऊ दे. तुलनात्मक तक्ता होतच आलाय."

तक्ता खरोखरच देखणा झाला. पण त्यात एक तत्त्व घुसले, ते म्हणजे 'आणखी थोडे घातले तर'. चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड मध्यम घ्यायचे ठरले होते. आणखी थोडे घातले तर त्याच्या वरचे येत होते. ते धरले तर प्रोसेसर तोकडा पडायला लागला, म्हणून प्रोसेसर वाढवला. तो तापणार, म्हणून पंखे वाढवले. पंख्यांना वीज हवी, तिथे वॅटसाहेबांचा शब्द अखेरचा ठरला. (इतक्या वॅटवर एक छोटी पिठाची गिरणी चालते.) हे सगळे साध्या पेटीत मावेना, म्हणून काचेच्या भिंतीची, सात रंगांच्या दिव्यांची थोरली पेटी आली.

आता रक्कम तेवढीच आणि यादी लांबलेली, तेव्हा कुठेतरी हात आखडता घेणे भाग होते. समितीने प्रत्येक भागाची उपयुक्तता तपासली. वॅटसाहेब म्हणाले, "स्क्रीन काय हो, कधीही घेता येते. हे कार्ड या भावात परत मिळणार नाही." स्क्रीन ही केवळ पाहण्याची सोय असून संगणकाच्या ताकदीत तिचा वाटा शून्य आहे, असा ठराव एकमताने संमत झाला. कीबोर्ड मेहुण्याने घरातला जुना दिला. त्याचे फक्त उडीचे बटण चालत नव्हते.

संगणक आला. घरातली सगळी समोर बसली. बटण दाबताच पंखे आवाज न करता फिरू लागले आणि काचेतून निळा, जांभळा, हिरवा उजेड भिंतीवर पसरला. बायकोलाही तो आवडला, हे तिने बोलून दाखवले नाही.

बाबा बराच वेळ बघत होते. "चित्र कुठाय?" त्यांनी विचारले.

"चित्र पुढच्या आर्थिक वर्षात," हेडक्लार्क म्हणाले.

बाबांच्या टीव्हीला जोडून पाहावे, तर तो इतका जुना की त्याला संगणकाची तार लागेना. मग रोज संध्याकाळी हेडक्लार्क खुर्ची ओढून पेटीसमोर बसू लागले. आत कमालीची ताकद आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचे समाधानही होते.

रविवारी फोन आला. "दादा, दार उघडलं!"

"कोणाबरोबर?"

"सासूबाईंबरोबर. त्यांच्या हिशोबाच्या जुन्या लॅपटॉपवर. किती दिवस वाट बघायची रे तुझी? आत काय आहे माहितेय..."

"थांब, थांब. त्या लॅपटॉपला कार्ड कोणतं आहे?"

"वेगळं कार्डच नाहीये, दादा."

"मग खेळ अडखळत असेल."

"अडखळतो की. सासूबाई म्हणतात, माझे गुडघे पण अडखळतात, म्हणून मी चालायची थांबते का? बरं, आत काय होतं ते सांगू?"

"पुढच्या रविवारी सांग. आत्ता स्क्रीनसाठी समितीची बैठक आहे."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. हेडक्लार्कांना थोडे वाईट वाटले. खरे म्हणजे पुष्कळच वाईट वाटले. बैठक सुरू होईपर्यंत ते कीबोर्डचे उडीचे बटण उगाच दाबत बसले होते.

त्यांना हसण्याचे कारण नाही. हातातला फोन घेताना आपणही कॅमेरा, बॅटरी आणि पडद्याचा डोळ्यांत तेल घालून अभ्यास केलेला आहे. त्या फोनवरून बहिणीला फोनही लावता येतो. ही सोय माहितीपत्रकात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत दिलेली असते. तुमचे वाचन अजून तिथपर्यंत आले नसावे.