भरगच्च चर्च

माझे वडील, पाद्री एवाल्ड रायंके, गेल्या हिवाळ्यात वारले. लगेच त्यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याचे ठरले. जिवंतपणी ते तपशिलांवर हरकत घेत असत. ती अडचण आता उरली नव्हती.

मी एकाच प्रसंगाचा आग्रह धरला. हुकूमशहाविरुद्ध बाबांनी शेवटचे प्रवचन केले, त्या रविवारी चर्च रिकामे होते. आई ऐकत होती, मी ऑर्गनवर होते. तेवढे रिकामेपण पडद्यावर यावे. हानोफरहून आलेले दिग्दर्शक टिमरमान लगेच कबूल झाले. रिकाम्या बाकांना मानधन द्यावे लागत नाही.

पण आमच्या गावात प्रत्येक बाक पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याचा. रिकामा बाक कोणाचा, हे शेंबडे पोरही सांगेल. बेकरीवाले कोर्डेस घरी आले.

“अगं गुड्रून, दाखव की रिकामी जागा, पण आमचीच कशाला? तुझ्या बाप्तिस्म्याचा केक आम्ही पाठवला होता.”

“त्या रविवारी तुम्ही कुठे होतात, काका?”

“मनाने तिथेच होतो, पोरी.”

चर्चच्या मंडळाने या उत्तराचा गांभीर्याने विचार केला आणि मनाने हजर असलेल्यांना देहाने बसवण्याचा ठराव केला. एका घराण्याला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? बाक भरले, माडी भरली, ऑर्गनपाशी खुर्च्या मांडल्या. आईला जागा उरली नाही. ती दाराशी उभी राहिली, तेव्हा टिमरमाननी तिला अदबीने बाजूला व्हायला सांगितले; ती चित्रात येत होती.

कथेत त्या प्रवचनाची खबर पोलिसांना देणारा एक चहाडखोर होता. त्या भूमिकेला गावात माणूस मिळेना, आणि बाहेरून नट आणला तर तो कोणाच्या बाकावर बसणार? शेवटी चहाडी कोणी केलीच नाही, बाबाच पोलिसांकडे जाऊन स्वतःचा पत्ता देऊन आले, असे ठरले.

चित्रपट उत्तम झाला. बाबांना नेताना सारे गाव रडत उभे आहे. मीही रडले. इतकी माणसे भोवती असताना दोन पोलिसांनी त्यांना नेले कसे, एवढे मात्र त्यात कळत नाही.

पुढच्या रविवारी नव्या पाद्रींनी बाबांसाठी प्रार्थना ठेवली. गर्दीमुळे चित्रपटाचा जादा खेळही नेमका त्याच वेळी होता. प्रार्थनेला आई आली, मी आले.

तुमच्या गावी चित्रपट लागेल तेव्हा तिकीट आधीच काढा. हल्ली सगळेच बाबांच्या बाजूचे आहेत. तुम्हीही असणारच.