दोन काठांमधले चीफ

दुसऱ्याच्या बोटीचे दोर कधी आवळू नयेत. मी आवळले होते, आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. तेव्हा मी चाळिशीची होते. चाळिशीत बाईला सगळं येतं. पुढे हळूहळू विसरायला होतं.

बोट होती चीफची. चीफ म्हणजे मुकुंदराव, परदेशातले आमचे क्वीन्सटाउनचे शेजारी. पस्तीस वर्षं जहाजांवर इंजिनं सांभाळून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. वेंगुर्ल्याला परत जाण्याऐवजी त्यांनी एक जुनी लाकडी बमबोट, म्हणजे माल वाहायची होडी, विकत घेतली आणि पुंगोलच्या खाडीत ठेवली. जग पालथं घातलेला हा माणूस खाडीतून आत, खाडी अरुंद होऊन सिमेंटचा कालवा लागेपर्यंत जायचा, आणि तिथून मागे फिरायचा. बस्स. समुद्राकडे तोंडसुद्धा नाही.

"समुद्र पुष्कळ झाला, वहिनी. आता दोन्ही काठ दिसले पाहिजेत."

आमचे हे हसायचे, "चीफ म्हातारपणी पाण्याला घाबरले!"

वेग तर असा, की काठावरून पिशवी घेऊन चाललेली चिनी आजी आम्हाला मागे टाकून जायची, वर हातही करायची. पण थाट मोठ्या जहाजाचा. समोर बगळा दिसला की "आस्ते! पुढे ट्रॅफिक आहे!" चहा हवा असला की "स्टँड बाय, चहा!" शिवाय नोंदवही. मी एकदा चोरून वाचली. 'दहा चाळीस : बगळा, एक. दहा पंचावन्न : तोच बगळा.'

एका रविवारी सकाळी सातला चीफ आमच्या दारात. पांढरा गणवेश, आणि बूट असे चकचकीत की त्यात मला माझा अंबाडा दिसला.

"वहिनी, आज सुलभा येतेय!"

सुलभाताई म्हणजे त्यांची बायको. इतकी वर्षं वेंगुर्ल्याला सासू-सासरे, घर, आमराई सांभाळत राहिलेल्या. आता मागे कुणी उरलं नव्हतं. पंधरा दिवसांसाठी येणार होत्या, परतीचं तिकीट काढूनच. इथं राहायचं की नाही ते बघून ठरवते, असं त्यांनी कळवलं होतं. आणि बघायचं काय, तर ही बोट. विमानतळावरून थेट धक्क्यावर आणणार, असा चीफचा बेत. बोटीत फुलं लावायचं काम माझ्याकडे.

माझा उत्साह उतू जात होता! नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आठालाच धक्क्यावर पोचले. तोरण लावलं, झेंडूच्या माळा सोडल्या, रव्याच्या लाडवांचा डबा टेबलावर मांडला. मग बघते तर काय, बोटीचे दोर धक्क्याला ढिले लोंबताहेत. माझी आई म्हणायची, ढिली दोरी म्हणजे गबाळं घर. कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी तीस वर्षं हात बसवलेला. दोन्ही दोर पाय रोवून ओढले आणि अशा निरगाठी मारल्या की बोट धक्क्याला चिकटून बसली. कसं नीटनेटकं दिसत होतं!

भरती होती हो तेव्हा. मी कशाला बघतेय?

मग घरी जाऊन स्वयंपाक उरकला आणि येताना पाहुण्यांसाठी भजी आणायला आम्ही हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, गेलो. एक वाजता परत आलो तर ओहोटीनं पाणी पुरुषभर खाली गेलेलं, आणि बोट दोरांना लटकलेली, एका कुशीवर. तोरण आडवं. लाडू खाडीत.

"आई, टाय सो टाइट फॉर व्हॉट?" लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली.

तेवढ्यात टॅक्सी थांबली. सुलभाताई उतरल्या. नऊवारी, हातात पिशवी. बोटीकडे बघत राहिल्या. मी गाठीशी झटू लागले, पण ताणानं ती दगड झाली होती.

"हात लावू नका," चीफ म्हणाले. "दोर कापला तर आदळेल. पाणी चढू दे. चार तास."

मग ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"एकदाच आली होती जहाजावर. कोलंबोला उतरून विमानानं घरी गेली. म्हणाली, चोहीकडे पाणी, माणसानं बघायचं कुठं? म्हणून ही बोट घेतली, वहिनी. म्हटलं, इथं तिला दोन्हीकडे झाडं दिसतील."

मला तिथल्या तिथे खाडीत उडी मारावीशी वाटली. पण चिखल होता.

ती दोघं धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. मी लांबून बघत होते. सुलभाताई हातवारे करून बोलत होत्या. चीफ मान खाली घालून ऐकत होते, एकही हुकूम न देता. मध्येच त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नंतर कुणीतरी हसलं. भजी संपली.

पाचच्या सुमारास बोट सरळ झाली. चीफनी दोर सोडले, आत उतरून हात पुढे केला. सुलभाताईंनी नऊवारीचा काष्टा आवळला, एक पाय बोटीत टाकला आणि मागे वळल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मला बोलू न देता त्या म्हणाल्या,

"अगं, सुट्टीवर घरी आले तरी ह्यांचं लक्ष घड्याळाकडे, जहाज सुटेल म्हणून. आज जहाजच सुटेना! छत्तीस वर्षांचं साठलेलं भांडण चार तासांत उरकलं बघ. आता राहायला हरकत नाही."