सासूबाईंचा फुकट महिना

"या सॉफ्टवेअरवाल्यांना यापुढे एक दमडी देणार नाही," असं फोटोमास्तरांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा बायकोने नुसती भाजी वाढली. अशा घोषणांची तिला सवय होती.

पण या वेळी मास्तरांचं दुखणं खरं होतं. पूर्वी फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर एकदा विकत घेतलं की जन्माचं आपलं असे. आता त्याचं दरमहा भाडं. भरलं नाही की कुलूप. त्यात कंपनीने भाडं पुन्हा वाढवलं आणि मास्तरांचं टाळकंच सरकलं.

"नव्या गिऱ्हाइकाला पहिला महिना फुकट असतो," ते म्हणाले. "तुझ्या नावाने खातं काढू."

"माझं नाव घ्यायचं नाही. नंतर त्यांचे फोन मलाच येतात."

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "सही वगैरे नाही ना करायची?"

"छे हो आई, नुसतं नाव द्या."

त्या फुकट महिन्यात मास्तरांनी एका नव्या हॉलच्या उद्घाटनाचे फोटो सुधारले. जीव ओतून सुधारले. कारण हॉलमालक निवडक फोटो मोठे करून भिंतीवर लावणार होता आणि आवडले तर हॉलचं वर्षभराचं काम मास्तरांना मिळणार होतं. हॉलमालकाने मास्तरांना अजून पाहिलं नव्हतं; उद्घाटनाचं काम मॅनेजरने दिलं होतं. काम संपल्यावर 'कोपऱ्यात नाव छापा' या चौकोनात त्यांनी हाताच्या सवयीने खूण केली आणि सगळे फोटो परस्पर छापायला पाठवून दिले.

मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बायको आणि सासूबाईंना घेऊन हॉलवर पोहोचले. फोटो झकास आले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात सोनेरी, वळणदार अक्षरांत नाव होतं. सासूबाईंचं. संपूर्ण.



"काय नजर आहे या बाईंची," हॉलमालक म्हणाला. "यांनाच काम देतो. माणूस सरळ वाटतो. मला फसवाफसवी करणारे अजिबात चालत नाहीत. कुठे भेटतील या?"

फोटो आपले आहेत असं सांगायचं तर फुकट महिन्याचंही सांगावं लागणार होतं. मास्तर सासूबाईंच्या मागे सरकले.

"मीच ती," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या.

"वा! आणि हे?"

"आमचे जावई. दिवे धरतात. मन लावून धरतात हो."

बायको घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

तिघं परत निघाली. काम मिळालं होतं, पण मास्तरांना आनंद कुणापाशी व्यक्त करावा ते कळत नव्हतं. सासूबाई मात्र विचारात होत्या.

"जावईबापू, तो महिना कधी संपतोय?"

"उद्या."

"मग उद्याच्या उद्या वर्षाचे पैसे भरून टाका. आता माझ्या नावाचा प्रश्न आहे."

मास्तरांनी मुकाट्याने भरले. पावती सासूबाईंच्या नावाने आली.